चिमणीच्या दातांनी

आता जीभ ही काय बघायची वस्तू आहे? तिच्यावर आपण जन्मभर खातो, बोलतो, भांडतो, आणि ती दिसते कशी असं कुणी विचारलं तर धड सांगता यायचं नाही. डॉक्टर आ करा म्हणाला की तेवढ्यापुरती बाहेर काढायची, की परत आत. कौमुदी बर्वेलाही जानेवारीपर्यंत आपली जीभ माहीत नव्हती. आता ती तिला पाठ होती. मागच्या बाजूला मोठाले दाणे असतात, ते सगळ्यांनाच असतात, हे वाचून झालं होतं, तरी ते वाढलेत की तेवढेच आहेत हे रोज बघायचं. डाव्या कडेला एक लालसर पट्टा, खालच्या ओठाच्या आत साय धरल्यासारखी पांढुरकी जागा, आणि गालाच्या आतून सुटणारे पातळ पापुद्रे, जिभेनं ओढले की निघून येणारे. लखनौच्या निशातगंजमधल्या तिच्या दोन खोल्यांत बेसिनवरचा दिवा मिणमिणता होता, तो बदलून तिनं झगझगीत लावला, आणि त्या दिवसापासून तोंडात नव्हतं तेही दिसायला लागलं. ऑफिसला जाताना आ, आल्यावर आ, जेवणाआधी आ, आणि जेवणानंतर तर आ करून वर मोबाइलचा उजेड. जबडा दुखायला लागला, तेव्हा जबडा दुखणं हे कशाकशाचं लक्षण आहे ते तिनं इंटरनेटवर शोधलं. शोधलं की सापडतंच.

सुरुवात एवढ्याशानं झाली. तिच्या संशोधन संस्थेच्या कॅन्टीनमध्ये सकाळचा चहा घेताना ओठ झोंबला. बस. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तोंड आलंय वाटतं, जरा लोणी लावावं, जागरण कमी करावं. पण कौमुदीच्या हातातला कप तिथंच थांबला, कारण आदल्या दिवशीची दुपार अजून तिच्या अंगावरून उतरलेली नव्हती. समोर बसलेली मुलं काहीतरी बोलत होती, एकीनं विचारलंही, "मैम, चाय ठंडी है क्या?" आणि तिनं "हाँ, थोड़ी" असं म्हणून कप बाजूला ठेवला. चहा चांगला वाफाळता होता. तेवढ्या एका क्षणात एकोणचाळीस वर्षांची, तळ्याच्या गाळातले हजारो वर्षांपूर्वीचे परागकण ओळखणारी, परदेशातले लोक शंका आली की जिला फोटो पाठवून विचारतात अशी ही बाई मनातल्या मनात वाळीत पडली, आणि वाळीत टाकणारीही तीच.

निगम. अनुराग निगम. सूक्ष्मदर्शकांच्या कंपनीचा माणूस, वर्षातून दोनदा यायचा, भिंगं उघडून साफ करायचा, स्क्रू पिळायचा, सही घेऊन जायचा. अमीनाबादेत आईबरोबर राहायचा. पहिल्याच वर्षी तिनं घाईघाईत भिंगावर फुंकर मारली होती, तेव्हा तो जवळजवळ धावत आला होता. "मुँह से मत फूँकिए, मैडम. मुँह की हवा में बहुत कुछ होता है." आणि मग खिशातून रबरी फुगा काढून त्यानं अगदी हलक्या हातानं धूळ उडवली होती. तिला हसूच आलं होतं. मग हळूहळू काम नसतानाही तो फोन करायला लागला, थंडीत एकदा मातीच्या कुल्हडमध्ये मक्खन-मलाई, म्हणजे दुधाचा गोड फेस, घेऊन आला, म्हणाला, हे उन्हं वर यायच्या आत खायचं असतं, नाहीतर राहत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात एका सुट्टीच्या दुपारी ती म्हणाली, आमच्याकडची साबुदाण्याची खिचडी खायला या. तो आला, खिचडी खाल्ली, दाण्याचं कूट कशाला म्हणतात ते विचारलं, आणि पुढं जे झालं ते त्यानं काही मागून घेतलं नव्हतं. हातांनी, ओठांनी, तोंडानं जे काही तिनं त्याला दिलं ते स्वतःहून, न सांगता, आणि देताना तिला आतून हसू फुटत होतं. नऊ वर्षांनी. आठ वर्षांच्या संसारातही जे कधी केलं नाही ते. जाताना त्यानं तिला पहिल्यांदाच 'कौमुदी' म्हटलं होतं, 'मु' जरा लांबवून, त्याच्या पद्धतीनं. दार लावून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली होती. ते हसू तिला नंतर सगळ्यात जास्त छळायला लागलं. तोंड वेंगाडून हसत होतीस ना? मग घे.

सतीश, म्हणजे तिचा पूर्वीचा नवरा, माणूस वाईट नव्हता हो. व्यवस्थित होता. टॉवेल नीट घडी करणारा, पेरू धुऊन पुसून खाणारा. पण त्याची एक सवय होती. जवळ यायचा, चुंबन घ्यायचा, सगळं व्हायचं, आणि मग लगेच उठून बेसिनवर जाऊन चूळ भरायचा. खळखळ, खळखळ, थू. पुन्हा खळखळ. पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये ती अंधारात पडून ते ऐकत असायची आणि दर वेळी तिला वाटायचं, विचारावं, की अरे, माझ्या तोंडात असं काय आहे? कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सरळ उत्तर दिलं असतं, तशी त्याला सवयच होती, म्हणून विचारलं नाही. आता नऊ वर्षांनी, लखनौमध्ये, त्याच त्या आवाजानं तिचं बेसिन भरून गेलं होतं. आधी मिठाचं पाणी. मग तुरटी, आईनं दिलेल्या डब्यात तिचा एक मोठा खडा होता, लहानपणी तोंड आलं की आई त्याच्या पाण्यानं गुळण्या करायला लावायची. आई चिमूटभर टाकायची, कौमुदीनं पाणी तुरट कडूजहर होईपर्यंत विरघळवली. मग औषधाच्या दुकानातून पेरॉक्साइडची बाटली आणली. बाटलीवर लिहिलं होतं, पाणी घालून वापरा. प्रयोगशाळेत एका थेंबाचा फरक सहन न करणाऱ्या बाईनं ती तशीच तोंडात ओतली, फेस आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला बरं वाटलं. जळतंय म्हणजे मरतंय, असं वाटलं. कोण मरतंय हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

आणि निगमला तिनं काय केलं? त्याचे दोन फोन घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक मेसेज लिहिला, हिंदीत, कारण मराठीत असलं काही लिहायला हात उचलला नसता. आपके पहले कितनों से संबंध रहे हैं, सच बताइए, और सारे टेस्ट करवाकर रिपोर्ट भेजिए. पाठवला, आणि फोन उशीखाली कोंबला. उत्तर लगेच आलं नाही. दोन दिवसांनी आलं ते रिपोर्टच. एचआयव्हीपासून खालच्या सगळ्या ओळींपुढं निगेटिव्ह, निगेटिव्ह, निगेटिव्ह. खाली एवढंच: मैडम, मेरा सब ठीक है. आप अपना ध्यान रखिए. मैडम! त्या एका शब्दावर ती कितीतरी वेळ अडकून पडली. रागावला असता, शिव्या घातल्या असत्या, तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं. मग तिनं काय करावं? रिपोर्ट मोठा करून त्यावरची तारीख तपासली. शिक्का तपासला. असले रिपोर्ट बनवून मिळतात हे तिला कुठंतरी वाचल्याचं आठवलं. स्वतःच्याही चाचण्या तिनं केल्या, एकदा लवकर, एकदा लागण दिसून येण्याची मुदत भरल्यावर, गोमतीपलीकडच्या कुठल्याशा लॅबमध्ये, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी. सगळ्या स्वच्छ. घरी येईपर्यंत हलकं हलकं वाटायचं, आणि बेसिनवरचा दिवा लावला की तोंडात तो पट्टा होताच. कागद म्हणतो नाही, आणि तोंड म्हणतंय आहे. ती आयुष्यभर शिकत आली होती की कागदावर विश्वास ठेवायचा नाही, नमुना बघायचा.

तिनं नमुनाही बघितला, ही तर कमालच झाली. सगळे जेवायला गेले असताना काचपट्टी घेतली, गालाच्या आतून खरवडलं, एक थेंब रंग घातला, आणि निगमनंच साफ केलेल्या त्या भिंगाखाली स्वतःचं तोंड ठेवलं. आधी दिसले मोठे, शांत, फरशीच्या तुकड्यांसारखे पेशींचे तुकडे. मग त्यांच्यामध्ये एक गोलसर, जाळीदार कण. तो तिनं झोपेतही ओळखला असता: मोहरीचा पराग. काल रात्री आग कमी व्हावी म्हणून मध लावला होता, त्यातला. या दिवसांत लखनौबाहेर सगळी शेतं पिवळी असतात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी ओळखीचं भेटलं आणि ती भिंगावरून डोळा काढेना. पण लगेच बाजूला दिसले लहान लहान गोळे, एकाला एक चिकटलेले, अंकुर फुटलेले. यीस्ट. ते निरोगी माणसाच्या तोंडातही असतं हे तिनं पूर्वी कधीतरी वाचलं होतं. आत्ता तिला फक्त दुसरं वाक्य आठवलं, प्रतिकारशक्ती खचली की ते माजतं. तिनं काचपट्टी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि वाटेत कुठल्याशा कचऱ्यात टाकून दिली. हात धुतले. पुन्हा धुतले.

हे सगळं एकवेळ तिनं गिळलं असतं. एकटी बाई, आपली भीती आपल्यापाशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण याच दिवसांत तिच्या भावाला मुलगी झाली. विनय तिच्याहून चार वर्षांनी धाकटा, बँकेत, आलमबागला राहायचा; आई, लीलावतीबाई, त्याच्याचकडे. लग्नाला आठ वर्षं होऊन गेली होती, पूर्वानं, त्याच्या बायकोनं, किती इंजेक्शनं घेतली, किती वेळा पोट धरून दवाखान्यातून रिकामी परत आली, हे कौमुदीनं बघितलं होतं. ऑपरेशन झालं त्या दिवशी नर्सनं गुंडाळलेलं बाळ पुढं केलं, "लीजिए बुआजी," आणि बुआजींनी तोंडावर मास्क चढवला होता आणि दोन्ही हात पाठीमागं नेले. "सर्दी झालीय मला." तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, कसा विचार करते बघा. सर्दी सव्वा महिना टिकली. नवजात बाळ, मोठ्या माणसाच्या ओठावरचा फोड, एक पापा, आणि आठवड्यात बाळ नाही, हे तिनं वाचलं होतं आणि ते काही गावगप्पांमध्ये नव्हे. खरं होतं ते. तिच्या भीतीला संदर्भ होते, हाच सगळा घोळ होता.

"रविवारी दहाला हजर हो," आई फोनवर म्हणाली. "काठापदराची नेस. तो कुर्ता घालून येऊ नकोस, मराठी मंडळातल्या बायका येणारेत."

"आई, मला बरं नाहीये. बारशाला दुसऱ्या कुणाला तरी सांग ना."

"दुसरी कोण? विनयला काय दहा बहिणी आहेत? नाव आत्याच ठेवते. कानात कुर्र तूच करायचंस."

कुर्र म्हणजे पाळण्यात वाकायचं, तोंड त्या कानाला लावायचं, आणि नाव सांगायचं. तोंड! जगात दुसरा अवयव नाही का?

पलीकडून आईचा आवाज बदलला. "कुमू, तुला कुणी काही बोललंय का? सांगलीच्या बाईंनी?" म्हणजे पूर्वाच्या आईनं, बाळंतपणाला त्या इथंच येऊन राहिल्या होत्या. "घटस्फोट झालेल्या बाईनं पाळण्याला हात लावू नये, असलं काही?"

"नाही गं आई. काहीतरीच."

"तू असं 'नाही गं' म्हणतेस ना, म्हणजे आहे. थांब, बघतेच मी."

"आई, ऐक तरी—" पण फोन ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी बँकेतून विनयचा फोन. "ताई, घरात नुसता राडा झालाय यार. दोन्ही आया एकमेकींशी बोलत नाहीयेत. पूर्वाची आई बॅग भरून बसलीय, म्हणते मी असं बोलले असेन तर जीभ झडो माझी. पूर्वा रडतेय, तिला रडून चालत नाही या दिवसांत. तू नक्की काय म्हणालीस आईला?"

"काहीच नाही म्हणाले रे."

"तेच ना," विनय म्हणाला. "ये एकदा. प्लीज."

जीभ झडो म्हणे. कुणाची झडायची आणि कुणी बोल लावून घ्यायचा! तिला भडभडून आलं. संध्याकाळी ती निशातगंजातल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली, इतके दिवस जे टाळलं होतं ते. रिपोर्ट दाखवले, आणि कशानंतर हे सुरू झालं तेही एकदाचं सांगून टाकलं, भिंतीकडं बघत. बाईंनी हातमोजे घातले, ओठ उलटा करून बघितला, गाल ताणून बघितला, जीभ कापडात धरून दोन्ही कडा बघितल्या.

"आप मुँह में क्या डाल रही हैं?"

"कुछ नहीं. नमक-पानी." मग, "फिटकरी." मग, अगदी हळू, "थोड़ा पेरॉक्साइड."

"कितनी बार?"

कौमुदीनं सांगितलं. "ये बीमारी नहीं है, मैडम. आपने अपना मुँह खुद जलाया है. सब बोतलें फेंकिए. सादा पानी, ठंडा खाना, चमड़ी अपने आप आ जाएगी."

"घर में नवजात बच्ची है. मैं अगर पास जाऊँ..."

"एक भी छाला नहीं है आपको. हाथ धोइए और गोद में लीजिए."

"और अगर शुरुआत हो? जो अभी दिखता न हो?"

बाईंनी मोजे काढले, डब्यात टाकले. "इसके आगे मेरे पास दवा नहीं है," त्या म्हणाल्या, आणि ते काही रागानं नाही. बाहेर आल्यावर कौमुदीला रडूच फुटलं. स्वतःच! स्वतःच्या हातानं! रस्त्यात चाटच्या गाडीभोवती गर्दी होती, रिक्षावाले हॉर्न मारत होते, आणि तिला त्या सगळ्यांना थांबवून सांगावंसं वाटत होतं, मला काही झालेलं नाही हो. निगमला फोन करावा म्हणून तिनं मोबाइल काढलासुद्धा. त्याचं नाव सापडलं, त्याच्याखाली ते 'मैडम'. काय सांगणार होती? की तुमच्यापासून मला काही झालं नाही, अभिनंदन? तिनं फोन परत ठेवला. आणि नाका ओलांडेपर्यंत दुसरा विचार येऊन पोचलाच: बाईंनी नुसतं डोळ्यांनी तर बघितलं. डोळ्यांना काय दिसतं?

शनिवारी ती मेट्रोनं आलमबागला गेली. दार आईनं उघडलं, तोंड फुगलेलं. सांगलीच्या काकू स्वयंपाकघरात पाठमोऱ्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या, "या" म्हणाल्या, वळल्या नाहीत. आतल्या खोलीत पूर्वा पलंगावर बसली होती, केस विस्कटलेले, मांडीवर बाळ. कौमुदी दारातच उभी राहिली. मास्क होताच.

"ताई, माझी आई असं कधी बोलणार नाही," पूर्वा म्हणाली. "तुम्हाला माहितेय ती."

"मला माहितेय गं. मी तसं म्हटलंच नाही."

"मग काय? सव्वा महिना झाला, तुम्ही हिला हातसुद्धा लावला नाहीत. सुरुवातीला वाटलं सर्दी. मग वाटलं, आत्याला मुलगा हवा होता की काय." पूर्वाचा आवाज फाटला. "खरं सांगा, हिच्यात काही दिसतं का तुम्हाला? तुम्ही इतकं शिकलेल्या. काही दोष दिसत असेल तर आत्ताच सांगा. मी रात्रभर हिच्याकडे बघत बसते, तुम्हाला काय दिसलं असेल म्हणून."

कौमुदीला आता कळलं. ती बेसिनपुढं आ करून उभी होती तेव्हा इथं ही बाई दिवा लावून आपल्या लेकीत खोट शोधत बसली होती. तिचीच भीती फिरून या घरात आली होती, आणि त्याला ना थुंकी लागली ना रक्त. "नाही गं," ती म्हणाली, "तिच्यात काही नाही. सोन्यासारखी आहे. माझं... माझं तोंड आलंय." एवढंच खरं तिच्यानं बोलवलं.

पूर्वानं तिच्याकडं बघितलं. "तोंड आलंय?" आणि रडता रडता ती हसायलाच लागली. "अहो ताई! तोंड आलं म्हणून कुणी इतके दिवस... बोलायचं ना मग!"

"उद्या मी करीन," कौमुदी म्हणाली. म्हणून तर गेली.

रात्र कशी गेली ते तिचं तिला माहीत. बाटल्या फेकलेल्या होत्या, तरी बेसिनपाशी जाऊन ती उगाच उभी राहायची. पहाटे डोळा लागला तेव्हा तिला साताऱ्याच्या शाळेमागची पेरूची झाडं दिसली. आईचा दंडक कडक होता, एकमेकांचं उष्टं खायचं नाही. पण पेरू एकच आणि खाणारी दोघं. मग कौमुदी फ्रॉकच्या घेरात पेरू गुंडाळायची, कापडावरून कचकन दात रोवायची आणि तुटलेला तुकडा विनयच्या हातावर ठेवायची. चिमणीच्या दातांनी तोडलं की ते उष्टं होत नाही, हे जगातल्या सगळ्या पोरांना ठाऊक असतं. विनय तेव्हा चार-पाच वर्षांचा होता, त्याला ते अगदी पटायचं. उठल्यावर तिला उपाय सापडला होता.

हॉल झेंडूच्या माळांनी भरला होता. मंडळातल्या बायका, समोरच्या श्रीवास्तव भाभी, सांगलीच्या काकू आणि आई पाळण्याच्या दोन बाजूंना, अजून पुरतं न बोलता. वरवंटा पाळण्याखालून वरून फिरला. भाभींना हे सगळं नवीन होतं. "हमारे यहाँ तो बुआ को नेग मिलता है, साड़ी, पैसे," त्या म्हणाल्या, "आपके यहाँ बुआ को पीटते हैं?" बायका खो खो हसल्या. कुर्र करताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचेच असतात, जोरात घाला, असं त्यांना सांगण्यात आलं. कौमुदीनं मास्क काढला. काठापदराची हिरवी साडी. पदराचं टोक तिनं बोटांत धरून ठेवलं होतं, तेच कानावर धरायचं, कापडावरून बोलायचं, कुणाला कळणारही नाही.

ती वाकली. बाळ जागं होतं, टोपडं मागं सरकलेलं, जावळ घामानं चिकटलेलं. पदर तिनं कानावर धरला. शेजारून अगदी हळू आवाज आला, विनयचा. "ताई, चिमणीच्या दातांनी का?" तो हसत होता. आठवत होतं त्याला! आणि तेवढ्यात पाठीत धपाटे सुरू झाले, एक, दोन, मग चारपाच हात एकदम, आईचा खरबरीत हात त्यात तिला वेगळा कळला, आणि श्रीवास्तव भाभींनी तर सांगितल्याप्रमाणे असा ठेवून दिला की ती पुढं झुकली, पदर निसटला आणि तिचे ओठ त्या कानाला लागले. लागले. कान एवढासा, गार, कडेला बारीक लव. जळलेल्या ओठांना ती लवसुद्धा झोंबली. भीतीनं तिचं काळीज तोंडाशी आलं आणि मागं यायला जागा नव्हती, पाठीवर सगळ्या गावाचे हात होते. मारा, तिला वाटलं, मारा अजून. "कुर्रर्र," ती म्हणाली, आणि पुढं जे नाव तोंडातून आलं ते ठरलेलं नव्हतं. "अनुराग," ती म्हणाली. त्या दुपारनंतर निगमचं हे नाव तिनं एकदाही उच्चारलं नव्हतं, तोंडात इतकं काय काय ओतलं तरी ते तिथंच राहिलं होतं. आता ते त्या कानात गेलं, आणि आता तो कधी येणार नाही हेही तिला तिथंच, पाळण्यात वाकलेलं असताना, लख्ख कळलं.

"अगं किती वेळ सांगतेयस? झालं का?" आईनं वरून विचारलं.

"अंतरा," कौमुदी त्या कानात म्हणाली. "कुर्रर्र, अंतरा. अंतरा."

"अंतरा!" विनयनं मोठ्यांदा सांगितलं, आणि टाळ्या झाल्या, आई सांगलीच्या काकूंच्या हातात साखरेची वाटी देत काहीतरी बोलली, काकू हसल्या, भाभी विचारायला लागल्या की मुझसे ज़ोर से तो नहीं लग गया. कौमुदी अजून पाळण्यावरच वाकलेली होती. बाळाच्या कानाच्या पाळीवर ओल चमकत होती, तिच्या ओठांची. तिनं पदर घेतला आणि पुसली. पुन्हा पुसली. कोरडं टोक शोधून पुन्हा पुसली, कान लाल व्हायला लागला, बाळानं तोंड वाकडं केलं, तरी तिचा हात थांबेना. तेव्हा पूर्वानं तिचं मनगट धरलं.

"असू दे ताई," ती म्हणाली. "सुकेल आपोआप."